ते चमकलं, पण नंतर गेलं कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबणार आहे हे आधीच सांगते. कापायचं झालं तर पुढचं मागचं कापा, मधलं पेशींचं ठेवा, कारण त्यासाठीच लिहायला बसलेय.

दोन रविवारांपूर्वी तुमच्या पुरवणीत नॅनो कणांवर अर्धं पान लेख होता. कॅन्सरची पेशी शोधून काढणारे, तिच्यात शिरणारे, आत उजेड पाडणारे आणि तिथेच औषध सोडणारे "स्मार्ट" कण, आणि वर मोठा रंगीत फोटो. ते पान आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी कापून ठेवलं. त्यांच्या मिस्टरांची चौथी केमो नुकतीच झालीय. सोमवारी सकाळी त्या दुधाची पिशवी हातात तशीच घेऊन वर आल्या, कात्रण रिपोर्टच्या फाईलमधल्या प्लास्टिकमध्ये नीट सरकवलेलं, आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही लॅबमध्ये होतात ना, हे मुंबईला मिळतं का हो? किती लागतील?"

मी २६ वर्षं लॅबमध्ये पेशी वाढवायचं काम केलं. शास्त्रज्ञ नाही मी, टेक्निशियन. फ्लास्क, ट्रिप्सिन, पिपेट, लॅमिनार हूड यातच आयुष्य गेलं. त्यातली पाच-सहा वर्षं हे तुमच्या लेखातले कण, ज्यांना आम्ही नुसतं "डॉट्स" म्हणायचो, माझ्या हाताखालून गेलेत. म्हणून वहिनींना मी "नाही हो, मिळत नाही" एवढं सांगू शकले, पण का मिळत नाही ते जिन्यात उभ्या उभ्या सांगता येईना. आणि तुमच्या लेखातही ते कुठे नव्हतं. लेखात चूक अशी एकच सापडली मला, ती शेवटी सांगते, बाकी सगळं खरंच आहे, फक्त गोष्ट जिथे सुरू होते तिथे लेख संपलाय.

आधी कण म्हणजे काय ते थोडक्यात. सेमीकंडक्टर म्हणजे अर्धवाहक, मोबाईलच्या चिपमधलं सिलिकॉन असतं त्या जातीचा पदार्थ. मेडिकलच्या कामात सगळ्यात जास्त वापरला गेला तो कॅडमियम सेलेनाइड. त्याचे दोन ते सहा नॅनोमीटरचे कण केले (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) की गंमत अशी होते की पदार्थ तोच पण आकार बदलला की रंग बदलतो, अल्ट्राव्हायोलेट लाइटखाली धरले की बारीक कण निळे-हिरवे चमकतात, मोठे लाल. कण जेवढा बारीक तेवढी आतल्या इलेक्ट्रॉनची जागा आखडते आणि त्याला वरच्या पायरीवर जायला जास्त ऊर्जा लागते, म्हणून रंग निळ्याकडे सरकतो. याला क्वांटम डॉट म्हणतात आणि यालाच २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं, अलेक्सी एकिमोव्ह, लुईस ब्रस आणि मुंगी बावेंडी यांना. त्या दिवशी नावं जाहीर व्हायच्या आधीच बाहेर पडली होती, दहावीचा पेपर फुटावा तशी, ते वाचून मला फार बरं वाटलं, म्हणजे स्वीडनमध्ये पण होतं असं. एकिमोव्हनी ८० च्या दशकाच्या सुरुवातीला रशियात रंगीत काचेमध्ये हे पाहिलं, ब्रसनी १९८३ मध्ये अमेरिकेत बेल लॅबमध्ये द्रवात, आणि बावेंडींच्या गटानं १९९३ मध्ये एकसारख्या आकाराचे कण बनवायची पद्धत बसवली. ती नसती तर आमच्यापर्यंत काही आलंच नसतं, कारण कमीजास्त आकाराचे कण म्हणजे सगळ्या रंगांचा काला.

यांना पेशींमध्ये पहिल्यांदा नेलं ते १९९८ साली, 'सायन्स' या शास्त्रीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन वेगळ्या गटांचे पेपर आले होते. एका गटानं उंदराच्या पेशी घेऊन आतला सांगाडा लाल आणि केंद्रक हिरवं असं दोन रंगात दाखवलं. दुसऱ्यात वॉरन चॅन आणि शूमिंग नी यांनी कणांवर ट्रान्सफेरिन लावलं, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रोटीन, आणि ते हीला पेशींना दिलं. पेशीला वाटलं नेहमीचं लोहाचं पार्सल आलंय, तिनं दार उघडून आत घेतलं. हीला म्हणजे हेन्रिएटा लॅक्स या बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून १९५१ साली बाल्टिमोरला काढलेल्या पेशी, जगभरच्या लॅबमध्ये अजून वाढतायत, मी पण वाढवल्यात. तर हे वॉरन चॅन नाव लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

त्याआधी पेशी रंगवायला साधे डाय होते. त्यांचा वैताग असा की मायक्रोस्कोपखाली लाइट टाकला की दोन मिनिटात फिके पडतात, फोकस करेपर्यंत चित्र गेलेलं असतं. डॉट्स तसे विझत नाहीत. चॅन आणि नी यांनी मोजलं होतं की रोडामिन या नेहमीच्या डायपेक्षा वीस पट उजळ आणि शंभर पट टिकाऊ. आम्हाला पहिल्यांदा मिळाले तेव्हा मी अंधाऱ्या खोलीत एका पेशीकडे पाऊण तास बघत बसले होते आणि ती तशीच चमकत होती, बाहेरून शिपाई दोनदा येऊन दार वाजवून गेला, मॅडम आहात ना आत म्हणून.

आता मुद्द्याचं. लेखात असं येतं की कण पेशीत "शिरतो". कण शिरत वगैरे नाही हो, पेशी त्याला गिळते. हा फरक मला कुणी पुस्तकातून शिकवला नाही, प्लेटवर दिसला. आमची पद्धत अशी होती की एकाच दिवशी दोन प्लेटा लावायच्या, पेशी त्याच, डॉट्स तेच, एक प्लेट ३७ डिग्रीला नेहमीच्या इन्क्युबेटरमध्ये आणि दुसरी बर्फावर ४ डिग्रीला. तासाभरानं दोन्ही तीन तीन वेळा धुवायच्या आणि बघायच्या. बर्फावरच्या पेशींच्या नुसत्या कडेला लाल रेघ दिसायची, साडीला काठ असावा तशी, आतमध्ये काळोख. ३७ च्या पेशींमध्ये आत ठिपके. थंडीत पेशीकडे गिळायला लागणारी ताकदच नसते, त्यामुळे कण दाराला चिकटून बसतात. कणाला स्वतःच्या बळावर शिरता येत असतं तर त्याला थंडी काय करणार होती?

आणि गिळते म्हणजे कशी, तर पेशीचं आवरण आत वळतं, छोटी पिशवी होते आणि कण त्या पिशवीत. पेशीच्या मोकळ्या आतल्या द्रवात नाही, पिशवीत. पिशव्या सरकत सरकत केंद्रकाच्या जवळ जातात आणि शेवटी लयकारिकांना मिळतात, म्हणजे लायसोसोम, शाळेच्या पुस्तकात पेशीची कचरा जिरवणारी यंत्रणा म्हणून येतात त्या. तिथलं आम्ल चांगलंच आंबट, पीएच साडेचार-पाचच्या आसपास. मायक्रोस्कोपखाली सहा-सात तासांनी केंद्रकाच्या भोवती लाल कडं दिसायचं आणि मधलं केंद्रक काळंच. आमच्या तेव्हाच्या सरांना केंद्रकात डॉट्स हवे होते, कारण औषध डीएनएपर्यंत न्यायचं असं प्रोजेक्टात लिहिलेलं होतं, आणि दर आठवड्याला मी तेच कडं दाखवायचे. एकदा वैतागून म्हणाले, "अगं, फोकस वर खाली करून बघ, असतील." केलं. खालीवर सगळीकडे कडंच.

त्याच्याही आधी एक गोष्ट होते ती लोकांना माहीतच नसते. कण रक्तात गेला की पहिल्या काही मिनिटांतच त्याच्यावर रक्तातली प्रोटीन्स येऊन चिकटतात, अल्ब्युमिन काय, अँटीबॉडी काय, जे सापडेल ते. याला प्रोटीन करोना म्हणतात, हे नाव आपल्या करोनाच्या कितीतरी आधीचं आहे, २००७ च्या सुमाराचं, घाबरू नका. मुद्दा असा की लॅबमध्ये तुम्ही कणाला कितीही नटवून सजवून, पत्ता लावून पाठवा, पेशी बघते ती त्याच्या अंगावरची ही वरची गोधडी. पत्त्याचं लेबल त्या गोधडीखाली झाकलं जाऊ शकतं. म्हणून सिरम (रक्तातला प्रोटीनवाला द्रव) घातलेल्या मीडियात, म्हणजे पेशी वाढवायच्या खाद्यद्रवात, आणि बिनसिरमच्या मीडियात एकाच कणाचे रिझल्ट वेगळे यायचे, आणि पेपर लिहिताना कोणते टाकायचे यावर आमच्याकडे भांडणं व्हायची.

बरं, पेशीनं गिळलं, आंबट पिशवीत ठेवलं, पुढे? इथेच कॅडमियम येतं.

एक किस्सा सांगते, जागेचं नाव सांगत नाही. आमच्याकडे एक मुलगा पीएचडी करत होता, तो डॉट्स स्वतः बनवायचा, छान बनवायचा. एक बाटली खिडकीशेजारच्या बाकावर राहिली, वरचा फॉइल निघालेला, झाकण सैल, आठ-दहा दिवस ऊन खात होती. चमक होती अजून, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. त्यातले डॉट्स मी यकृताच्या पेशींना दिले, नेहमीच्याच प्रमाणात. दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लास्क बघते तर तळाला पसरून चिकटलेल्या असतात त्या पेशी गोल होऊन वर तरंगतायत, साबुदाणा भिजवलाय जणू. एमटीटी टेस्ट लावली, जिवंत पेशी असतील तर जांभळा रंग येतो, जवळजवळ आलाच नाही. खापर फुटलं माझ्यावर, मीडियात काहीतरी घातलंस, हात नीट चालत नाही, मायकोप्लाझ्मा (पेशींना लागणारा एक बारीक जंतू) आणलास. दोन आठवडे मी सगळे इन्क्युबेटर धूत होते. मग एका मीटिंगमध्ये कुणीतरी २००४ चा एक पेपर आणला, संगीता भाटिया यांच्या गटाचा, आणि त्यात जवळपास आमचीच गोष्ट लिहिलेली. कॅडमियम सेलेनाइडच्या कणांना हवा लागली किंवा अल्ट्राव्हायोलेट लागला की पृष्ठभाग ऑक्सिडाइज होतो, कॅडमियम सुटून बाहेर येतं आणि यकृताच्या पेशी मरतात. वरून झिंक सल्फाइडचं कवच चढवलं की ते बरंच थांबतं, पण अल्ट्राव्हायोलेटमध्ये पूर्ण थांबत नाही. मला कुणी सॉरी म्हटलं नाही. पण त्या दिवसापासून बाटल्या काळ्या कागदात गुंडाळून फ्रीजमध्ये.

(त्या पेपरमध्ये पण वॉरन चॅन आहेत बरं का, लेखकांच्या यादीत.)

कॅडमियम म्हणजे काय चीज आहे ते जपानला विचारा. तोयामा भागात जिन्झू नदीच्या काठी खाणीतून कॅडमियम पाण्यात गेलं, पाण्यातून भातात, भातातून माणसांत, आणि हाडं इतकी ठिसूळ झाली की हलताना मोडायची. बायका जास्त, त्यातही वय झालेल्या. रोगाचं नावच पडलं इताई-इताई, म्हणजे दुखतंय दुखतंय. १९६८ साली सरकारनं अधिकृतपणे मान्य केलं. शरीरात गेलेलं कॅडमियम मूत्रपिंडात जाऊन बसतं आणि अर्धं कमी व्हायलाच १० ते ३० वर्षं लागतात. आता इंजेक्शनमधल्या डॉट्सचं प्रमाण आणि तिथल्या भाताचं प्रमाण यांची तुलना नाही करायची, मला कळतं ते. पण जे पेशीनं गिळून ठेवलंय आणि आम्लात पडलंय ते महिन्यानं, वर्षानं कवच टिकवून असेल का, हा प्रश्न त्याच्यामुळेच येतो.

पेशी पण अगदीच बिचारी नसते. तिच्याकडे मेटॅलोथायोनिन नावाचं प्रोटीन असतं, कॅडमियमसारखे धातू पकडून ठेवणारं, आणि ते पहिल्यांदा सापडलं १९५७ साली घोड्याच्या मूत्रपिंडात. आणि सूक्ष्मजीवांकडे तर त्याहून भारी युक्ती आहे, ही माझी आवडती गोष्ट. काही यीस्ट कॅडमियममध्ये ठेवले तर ते त्याचे कॅडमियम सल्फाइडचे बारीक स्फटिक करून वर प्रोटीनच्या तुकड्यांचं कवच चढवतात, म्हणजे क्वांटम डॉटच करतात की, १९८९ मध्येच हे छापून आलंय. आपल्या पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, पाषाण रोडला, २००२ साली फ्युजेरियम नावाच्या बुरशीकडून असेच कॅडमियम सल्फाइडचे कण बनवून घेतले होते. फ्युजेरियम म्हणजे शेतकरी ज्याला मर रोग म्हणून शिव्या घालतात ती. आणि २०१३ मध्ये लंडनला गांडुळांना कॅडमियम आणि टेल्युरियमचे क्षार घातलेल्या मातीत ठेवलं तर त्यांच्या पोटात चमकणारे डॉट्स तयार झाले. जिवंत पेशी सेमीकंडक्टरशी कशी वागते याची याहून सुंदर उदाहरणं नसतील, विष दिलं तर ती त्याची पुडी बांधून बाजूला ठेवते. तुमच्या लेखात ही यायला हवी होती असं मला फार वाटलं, गांडूळ म्हटल्यावर पोरांनी पण वाचलं असतं.

आता शरीर. फ्लास्कमधल्या पेशीला यकृत नसतं, मूत्रपिंड नसतं, ती एकटीच असते, त्यामुळे तिला जे देऊ ते तिच्याकडेच राहतं. माणसाला शिरेतून दिलं की पहिलं यकृत आणि प्लीहा पकडतात, तिथल्या गिळणाऱ्या पेशींचं कामच ते. मूत्रपिंडातून लघवीवाटे जाण्यासाठी कण किती बारीक हवा हे २००७ साली उंदीर-घुशींवर बघितलं गेलं, त्यात बावेंडी पण होते, आणि उत्तर आलं की कवच, लेप सगळं धरून साडेपाच नॅनोमीटरपेक्षा लहान हवा. त्याहून मोठा असला की आतच फिरतो, अडकतो. आता हिशोब करा, गाभा चार-पाच नॅनोमीटर, त्यावर झिंक सल्फाइड, त्यावर पाण्यात विरघळावा म्हणून पॉलिमर, त्यावर कॅन्सरची पेशी ओळखायला अँटीबॉडी, जी एकटीच दहाएक नॅनोमीटरची. नाकापेक्षा मोती जड. शहाणा कण बनवला की तो बाहेर पडत नाही, आणि बाहेर पडेल असा बनवला की तो शहाणा राहत नाही, या कात्रीत हे सगळं क्षेत्र इतकी वर्षं अडकलंय आणि तुमच्या लेखात त्याबद्दल एक ओळ नाही.

२०१२ साली माकडांवर बघितलं, ऱ्हीसस माकडं, कवचवाले डॉट्स शिरेतून दिले आणि ९० दिवस लक्ष ठेवलं. माकडं ठीक होती, रक्ताचे रिपोर्ट ठीक, खाणंपिणं ठीक. बातमी म्हणून एवढंच छापलं तर आनंदीआनंद. पण त्याच पेपरमध्ये पुढे आहे की ९० दिवसांनंतरही दिलेल्या कॅडमियमपैकी बहुतेक यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडात तसंच होतं. दोन्ही वाक्यं खरी आहेत. कुठलं वाक्य मथळ्यात घ्यायचं ते तुमच्या हातात असतं.

आणि आता वॉरन चॅन परत. ज्या माणसानं १९९८ मध्ये हीला पेशींना डॉट्स खायला घातले, त्याच्याच टोरांटोच्या लॅबनं २०१६ मध्ये बसून हिशोब केला. नुसत्या डॉट्सचा नाही, सगळ्या प्रकारच्या नॅनो कणांचा, दहा वर्षांत छापून आलेले प्रयोग गोळा करून, की टोचलेल्यापैकी गाठीपर्यंत पोचले किती. मधला आकडा आला ०.७ टक्के. हजार कण टोचले तर सात. बाकीचे ९९३ शरीरात दुसरीकडे कुठेतरी, नाहीतर बाहेर गेलेले. मला या माणसाबद्दल आदर वाटला तो इथे, स्वतःच्याच धंद्याचा ताळेबंद स्वतः मांडला. आमच्याकडे हा पेपर आला तेव्हा मी रिटायर व्हायला आले होते आणि तोपर्यंत मी निदान पंधरा प्रेझेंटेशनमध्ये कण सुळ्ळकन जाऊन गाठीवर बसतानाचं कार्टून बघितलं होतं.

म्हणजे हे सगळं फुकट गेलं का? अजिबात नाही आणि कुणी असं म्हणू नये म्हणूनच लिहितेय. शरीराच्या बाहेर डॉट्सनी जे दाखवलं ते डायला जमलंच नसतं. २००३ मध्ये फ्रान्समध्ये चेतापेशीवरच्या एकेका रिसेप्टरला (निरोप घेणाऱ्या प्रोटीनला) एकेक डॉट बांधून तो कसा सरकतो ते बघितलं, एकटा रेणू, जिवंत पेशीवर. डॉट मध्येच मिचकावतो, बंद-चालू होतो, त्यावरूनच कळतं की हा एकच आहे, घोळका नाही. २००२ मध्ये बेडकाच्या भ्रूणात घातले तर पेशी विभागत गेल्या तसे डॉट्स लेकी-नातींमध्ये वाटले गेले आणि कुठल्या पेशीचं काय झालं ते दिवसेंदिवस बघता आलं. हे वाटून जाणं आम्हाला रोज दिसायचं, दोन-तीन पॅसेज (म्हणजे वाढलेल्या पेशी वाटून नव्या फ्लास्कमध्ये लावणं) झाले की चमक निम्म्यावर, अजून दोन झाले की शोधावी लागायची, वाटणीत जमीन संपते तसं. काचेवर बायोप्सीचा काप घेऊन चार रंगांत चार प्रोटीन एकदम बघायची तर डॉट्ससारखं काही नाही, तिथे विष लागायला कुणी जिवंतच नसतं.

ऑपरेशनसाठी पण प्रयत्न झालेत, २००४ मध्ये डुकरावर, त्वचेखाली डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये चमकणारे डॉट्स टोचले आणि कॅन्सर पहिल्यांदा ज्या लसिका ग्रंथीत पसरतो ती एक सेंटिमीटर खोलवर असली तरी सर्जनला स्क्रीनवर दिसली. वापरात मात्र आयसीजी नावाचं जुनं हिरवं डाय आलं, कारण ते अनेक वर्षं माणसांना दिलं जातंय आणि यकृतातून पित्तावाटे बाहेर जातं. कमी चमकतं, पण जातं.

कॅडमियम नको म्हणून दुसरेही रस्ते चालू आहेत, इंडियम फॉस्फाइडचे कण निघालेत (आता टीव्हीत पण असतात), आणि मला सगळ्यात पटलेले म्हणजे सच्छिद्र सिलिकॉनचे, २००९ मध्ये उंदरांत दाखवलं होतं की ते चमकतात आणि मग हळूहळू विरघळून सिलिसिक ॲसिड होऊन लघवीवाटे निघून जातात. तिथे कुणीतरी आधी बाहेर कसं पडायचं त्याचा विचार केला आणि मग आत कसं शिरायचं त्याचा.

आणखी एक, तुमच्याच पानावर गेल्या आठवड्यात एका वाचकाचं पत्र होतं की हे सगळं आपल्याकडे भस्मांमध्ये आधीच होतं. आयआयटी मुंबईच्या गटानं यशद भस्म, म्हणजे झिंकचं भस्म, तपासलं होतं आणि त्यात झिंक ऑक्साइडचे नॅनो आकाराचे कण सापडले, हे खरं आहे, आणि झिंक ऑक्साइड सेमीकंडक्टरच आहे, ते पण खरं. तेच झिंक ऑक्साइड लहानपणी अंगावर पुरळ आलं की लावायच्या गुलाबी कॅलामाइनमध्ये असतं आणि आता महागड्या सनस्क्रीनमध्ये. त्वचेवर लावलं तर वर मेलेल्या पेशींचा थर असतो, तो अडवतो. पण पेशीनं गिळलं तर त्याच आंबट पिशवीत ते विरघळतं, झिंक सुटतं आणि जास्त सुटलं तर पेशी मरते, फ्लास्कमध्ये हे मी बघितलंय. नॅनो आहे म्हणून ते चांगलं ठरत नाही आणि जुनं आहे म्हणूनही नाही, कणाला आपण कुठल्या ग्रंथात आहोत ते माहीत नसतं. त्या वाचकांना राग येईल, येऊ दे.

माझं मागणं मोठं नाही. पुढच्या वेळी अशी बातमी घ्याल तेव्हा वार्ताहरानं दोन फोन जास्त करून एवढं विचारावं की हे फ्लास्कमध्ये झालं, उंदरात झालं की माणसात, आणि काम झाल्यावर कण कुठे गेला. २०१६ मध्ये कोलोराडोतून एक बातमी आली होती की उजेड पाडल्यावर चालू होणाऱ्या डॉट्सनी औषधाला न जुमानणारे ९२ टक्के जंतू मारले. प्रयोग चांगलाच होता, करणारे आपले अनुश्री चॅटर्जी आणि प्रशांत नागपाल. पण तो लॅबमध्ये वाढवलेल्या जंतूंवर होता हे तेव्हा आमच्याकडे फिरलेल्या फॉरवर्डमध्ये कुठेही नव्हतं, आणि उजेड लागतो म्हणजे फुप्फुसाच्या आतल्या जंतूला तो पोचवायचा कसा हा पुढचा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. आपल्याकडे २०१९ पासून नॅनो औषधं कशी तपासायची याच्या सरकारी गाइडलाइन्स आहेत, बायोटेक्नॉलॉजी विभागाच्या, त्यात शरीरात कण कुठे जातो नि कधी बाहेर पडतो हे द्यावं लागतं. म्हणजे मी काही फार वेगळं मागत नाहीये.

वहिनींना मी नंतर घरी बोलावून चहा करून सगळं सांगितलं, कागदावर पेशी काढून, पिशवी काढून. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पोचतच नाही ना ते." म्हटलं, थोडं पोचतं. "आणि राहिलेलं यकृतात." हो. त्यांच्या मिस्टरांचं यकृत आधीच दमलेलं आहे, त्यामुळे त्यांना हे तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळलं. कात्रण मात्र त्यांनी फाईलमधून काढलं नाही, मी पण काढा म्हटलं नाही.

आता ती चूक. फोटोखाली तुम्ही "कॅन्सरच्या पेशींमध्ये चमकणारे नॅनो कण" असं छापलंय. त्या पेशी नाहीत. त्या ओळीत लावलेल्या काचेच्या बाटल्या आहेत, निळ्यापासून लालपर्यंत, खालून अल्ट्राव्हायोलेट दिवा लावलेला, आत डॉट्स आणि बहुतेक टोल्यूइन नावाचं सॉल्व्हंट. डावीकडच्या तिसऱ्या बाटलीचं झाकण पण दिसतंय नीट बघितलं तर. तेवढी दुरुस्ती छापा.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, पुणे
(नाव छापू नये ही विनंती)